चौथ्या कोपऱ्यातली जोगीण

लेकीच्या लग्नाचं भिंतीवरचं कोहबर नीट उतरलं तर सौदामिनीच्या पदरात पडणार होतं ते असं: लग्नानंतर नवरदेवाकडच्या सतरा बायका त्या भिंतीपुढे उभ्या राहणार, तोंडात बोटं घालणार आणि विचारणार, "हा हात कुणाचा?" मग तिने पदर सावरत म्हणायचं, "माझाच की." लेक जन्मल्यापासून ती एवढं म्हणायला थांबली होती.

अडचण एकच. नवरानवरीच्या खोलीतल्या या चित्रात रेघ ओढावी तर सौदामिनीने, पण रंग भरणारा हात सगळ्या गावात धाकट्या जावेचा, फूलकलीचा. आणि तिच्याशी चार वर्षं बोलणं नव्हतं. सासूच्या श्राद्धाच्या पंगतीत तिने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "दीदी, डाळीत मीठ उद्या घालणार का?" महिन्याभरात अंगणात भिंत उभी राहिली.

बोलवायला गेली तर सौदामिनी कसली! कमळाची पानं, बांबू, मासे, पोपट काढून ती कोपऱ्यांकडे वळली. चार कोपऱ्यांत चार नैना-जोगिनी. एक डोळा उघडा, एक पदराआड, जोडप्याला दृष्ट लागू नये म्हणून. तीन सरळ उतरल्या. चौथीला मात्र, हात शिवशिवला म्हणा, तिने फूलकलीचं बाकदार नाक दिलं आणि त्यात बैलाच्या वेसणीएवढी नथ.

"माय, ही तर काकी!" लेक रुचिरा किंचाळली.

"हळू बोल, मेले!"

पण किंचाळी अंगणातली भिंत ओलांडून गेलीच होती.

दुपारी फूलकली दारात हजर. सावकाराने तारण पाहावं तशी तिने भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली.

"दीदी, नाक चुकलं."

"कसं?"

"माझं याहून लांब आहे. रेघेत कंजुषी कशाला?"

काडी घेऊन तिने नाक वाढवलं. मग समोरच्या कोपऱ्यातल्या जोगिणीला ओठावर मस दिला आणि तोंड चांगलं उघडं केलं. मस सौदामिनीचा. तोंडही.

"मी अशी ओरडते?"

"भिंतीपलीकडून रोज ऐकते ना."

"मग ओ का देत नव्हतीस?"

"हाक कधी माझ्या नावाने आली?"

सौदामिनी त्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिली. आजच्या आधी तीस वर्षांत तिची एकही जोगीण कुणासारखी दिसली नव्हती. तिने लाल रंगाची वाटी पुढे सरकवली. "बस. वाळतोय."

लग्न लागलं. सतराजणी खोलीत आल्या आणि तोंडात बोटं घालून भिंतीपुढे उभ्या राहिल्या. वरमाय म्हणाली, "या जोगिणी आत्ता भांडायला उठतील. हा हात कुणाचा?"

"रेघ माझी," सौदामिनी म्हणाली. एवढ्यावर भागलं असतं. पुढचं कुणी विचारत नव्हतं. पण तिने मागे उभ्या फूलकलीला कोपराला धरून पुढे ओढलं. "आणि जीव हिचा. माझी जाऊ आहे."

वरमायने धाकट्या लेकाच्या लग्नाचं आमंत्रण तिथेच दिलं, तेही फूलकलीला आधी.

म्हणजे अर्धं नाव गेलं, आणि ते सौदामिनीच्या पदरचं गेलं. पण देताना तिची मान अशी ताठ होती, की पाहणाऱ्याला वाटावं, घेणारी तीच.