पहाडाच्या हवेची पिशवी

हार्ट अटॅक येऊन गेल्याला चार महिने झाले, तरी पंचफुला नवऱ्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हती. दिसला की हातातून काढून घ्यायची. हिरामण रेल्वेत कीमन. खांद्यावर हातोडा टाकून पांढुर्ण्यापासून तिगावपर्यंत रूळ तपासत चालायचं, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. आता महिन्याभरात तोच पट्टा ठरल्या वेळात साहेबाला चालून दाखवायचा होता. जमलं तर लाइन, नाही तर स्टेशनात स्टूल.

"स्टुलावर बसवलं तं मी तसाच मरतो," हिरामण म्हणायचा. ते काही खोटं नव्हतं.

गावातले डॉक्टर रघुनाथराव फौजेतून आलेले, लेहला राहिलेले. विरळ हवेत माणसाचं काळीज घट्ट होतं, असं त्यांचं पक्कं मत. त्यांनी रबरी पिशवी आणि नळी जमवली होती. नळी तोंडात धरली की पिशवीतली हवा हळूहळू विरळ व्हायची. पाच मिनिटं पिशवी, पाच मिनिटं मोकळी हवा, नाडीवर डॉक्टरांचं बोट. शिवाय रोज थोडं थोडं वाढवत चालणं.

पंचफुलेचा मात्र जीव खालीवर व्हायचा. ज्याचं काळीज दुखतं त्याचीच हवा तोडायची, ही कुठली दवाई? पाचव्या दिवशी तिने पदरात गोधडीची सुई आणली आणि डॉक्टरांची पाठ फिरताच पिशवीत खुपसली. मग साळसूदपणे बाकावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी नळी तोंडात धरूनही हिरामणची नाडी जराही वाढेना. डॉक्टर चक्रावले. शेवटी सायकलवाल्यासारखी त्यांनी पिशवी बादलीत बुडवली. बुडबुडे!

"भोक मीनं पाडलं," पंचफुला ताडकन उभी राहिली. "तुम्ही यांचा श्वास कोंडून राहिले, अन् मी पाहत बसू?"

हिरामणला तोंड कुठे लपवू असं झालं. डॉक्टर रागावले नाहीत. भोकावर बोट दाबून म्हणाले, "बाई, एकदा नळी धरून तुम्हीच बसा."

ती बसली. ठसक्यात. चौथ्या मिनिटाला छाती धपापली, पाचव्याला नळी सुटली, आणि मोकळा श्वास असा आत आला की तिचे डोळेच चमकले. "अवो, हे तं टेकडी चढल्यावानी हाय! मंग आधी सांगाचं ना!" तशीच उठून सायकलच्या दुकानात गेली, सोल्युशन आणलं आणि स्वतःच्या हाताने ठिगळ चिकटवलं.

परीक्षेच्या सकाळी हिरामण निघाला. "मी घरीच रायतो," ती म्हणाली. संत्र्यांच्या बागांशेजारून हातोडा झपझप पुढे जात होता. एकदाही थांबला नाही. तिगावच्या फलाटावर साहेबांनी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं शिल्लक!

"फिट!" साहेब म्हणाले. तिथे वाट पाहत थांबलेल्या डॉक्टरांनी भर फलाटावर हिरामणला मिठी मारली. आनंद नुसता ओसंडत होता.

तेवढ्यात हिरामणला फलाटाच्या टोकाशी कोणी बाई बसलेली दिसली. चपला हातात, ओटीत त्याच्या गोळ्यांची डबी, आणि भात्यासारखी छाती. सगळा पट्टा ती झुडपांआडून मागे चालत आली होती.

"तू घरी होती ना वं?"

तिची धाप थांबेना. हिरामणने धावत जाऊन नळावरचा तांब्या भरला आणि धावतच परत आला. त्याला धावताना तिने अटॅकनंतर पहिल्यांदाच पाहिलं.

या वेळी तिने तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला नाही. ओंजळ पुढे केली.