मोशेचं मरण आणि एक चटई

सेमेआतू गुरुजींनी जन्मभर चर्चचे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात बायबल शिकवलं. कुणाला फारसं कळलं नाही, म्हणून कुणाचं बिघडलंही नाही. निवृत्त होऊन सामोआतल्या आपल्या गावी परतल्यावर मात्र त्यांना विद्वानांचं ज्ञान चारचौघांना सोपं करून सांगायची हुक्की आली. रविवारी चर्चमध्ये ते म्हणाले, "बायबलातली पहिली पाच पुस्तकं मोशेनं लिहिली म्हणतात. त्यांत मोशे मेल्याचं, पुरल्याचं, लोक रडल्याचंही लिहिलंय. मेलेला माणूस हे कसं लिहील? शेवट दुसऱ्याच कुणीतरी लिहिला."

इतकं सोपं की सगळ्यांना समजलं.

संध्याकाळी निरोप आला: उद्या मुखियांची सभा, गुरुजींना गावाबाहेर काढायचं. मागं असंच एक घर उठवलं होतं. त्याच्या चुलीत आता डुकरं लोळत होती.

"तरी सांगत होते, गप्प तारोचे कंद लावा," बायको फियासो म्हणाली. "आता या वयात कुठं जायचं? तुमच्या मोशेकडं?"

उपाय एकच उरला: जुन्या रिवाजानं माफी मागायची. पहाटे गुरुजी पाळकाच्या दारात गुडघे टेकून बसले आणि फियासोनं घराण्याची बारीक विणीची चटई त्यांच्या डोक्यावर पांघरली. माफी द्यायची असेल, तर पाळकानं चटई उचलायची. नसेल, तर पूर्वी कुऱ्हाड यायची. 'पूर्वी' हा शब्द गुरुजी मनात पुन्हापुन्हा घोळवत राहिले.

चटईच्या कडेखालून नुसते पाय दिसत होते. पायांची गर्दी वाढत गेली. त्यांत एका कोयत्याचं टोक जमिनीला टेकलं.

"पाळकबाबा, बाहेर या!" गावातली तालोसागा म्हातारी कडाडली. "या मास्तराकडं मग बघू. तुम्ही याच्याच हाताखाली शिकलात ना? मग तुम्हाला हे मोशेचं ठाऊक होतं की नाही?"

पाळकाचे पाय पायऱ्या उतरून चटईपाशी थांबले. गुरुजींनी डोळे मिटले. चटई उचलली गेली, पण वीतभरच.

"गुरुजी, जरा सरका," म्हणत पाळक आत शिरला.

"अरे, तू आत कसा? चटई तू उचलायची असते!"

"ठाऊक होतं मला. इतकी वर्षं बोललो नाही. आणि कोयता म्हातारीच्या हातात आहे."

दोघे एकमेकांना चिकटून बसले. कोयत्याचं टोक कडेखाली शिरलं आणि चटई भिरकावली गेली.

"उठा दोघं!" म्हातारी म्हणाली. "शेवट कुणी लिहिला, ते नावासकट कळेपर्यंत गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. समजलं?"

गुरुजींनी चटई ओढून पुन्हा डोक्यावर घेतली. ते नाव जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.