पाठमोरी

बाटलीचं निपल तोंडात जाताच गोचिडाने दोन्ही मुठींत जाकिटाची लोकर घट्ट पकडली, आणि मावशी रोजच्यासारखी जाळीकडे पाठ करून बसली.

गोचीड हे नाव प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरांनी ठेवलेलं. चिंपांझीचं ते पिल्लू अंगाला चिकटलं की सुटायचं नाव घेत नसे, म्हणून. सुरुवातीला मावशीला ते नाव खटकलं होतं. आता तीच ते अशा लाडाने उच्चारायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बारशाला शोभेलसं खास शोधून काढलंय. जाकीट तिने एका जुन्या केसाळ कोटातून शिवलं होतं. पिल्लाला धरायला आईचे केस लागतात. ते नसले की त्याच्या मुठी हवेत उघडझाप करत राहतात.

आई जाळीपलीकडेच होती. तिला सगळे थोरली म्हणत. पहिलटकरीण. जन्मल्या जन्मल्या तिने पिल्लू जमिनीवर ठेवलं, एकदा हुंगलं आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

"टाकलं हो तिनं," सगळे हळहळले. हळहळायला माणसांची कमी नव्हती. उचलायची वेळ आली तेव्हा मात्र जो तो दुसऱ्याकडे बघू लागला, आणि मावशी पुढे झाली.

डॉक्टरांचा नियम एकच होता. पिल्लाचं जे काही करायचं ते थोरलीकडे तोंड करून, तिला नीट दिसेल असं. बघून बघून ती शिकेल. दूध जाळीतून बाटलीने देता येईल. कूस मात्र तिचीच हवी.

"मावशी, पुन्हा पाठ?" डॉक्टर दारातून डोकावले.

"उजेड येतो हो त्याच्या डोळ्यांवर."

"त्याच्या की तुमच्या?"

डॉक्टर प्रश्न विचारून पुढे निघून जाणाऱ्यांतले. त्यामुळे मावशीला आजवर बरीच उत्तरं द्यावीच लागली नव्हती.

थोरली जाळीला कपाळ टेकून बघत बसायची. त्या बघण्यात राग नव्हता, मागणं नव्हतं. नुसतं बघणं. समोरून ते मावशीला सोसत नसे. पाठ केली तरी मानेवर जाणवायचं, घरी गेल्यावरही जाणवायचं. पण मानेला निदान डोळे नसतात. मग ती गोचिडाला छातीशी धरून डुलू लागायची. डावीकडे दोनदा, उजवीकडे एकदा, मग थांबून एक उसासा.

हे डुलणं जावेचं. मावशीची लेक जावेला आई म्हणते आणि मावशीला काकू. बाळंतपणानंतर कित्येक महिने मावशीला कशाचीच उमज नव्हती. बाळ कुशीत आणून ठेवलं तरी हात उचलत नसे. जावेने पोर उचललं, पाजलं, जगवलं. उपकारच म्हणायचे, आणि जाऊ ते कधी बोलून दाखवत नसे, त्यामुळे फेडायचीही सोय नव्हती. फक्त पाजताना ती खाटेकडे पाठ करून बसायची. एके दिवशी मावशीचे हात जागे झाले.

"वहिनी, जरा इकडं वळून बसा ना."

"उजेड येतो गं हिच्या डोळ्यांवर," जाऊ म्हणाली होती.

त्या खोलीला खिडकी एकच होती, आणि ती बंद होती.

"उद्या गोचिडाला आत सोडून बघू," डॉक्टर म्हणाले.

"नाही घेतलं तिनं तर?"

"मग गोचीड तुमचाच. आता आणखी थांबलो तर तो त्यांच्यात जायचाच नाही."

मावशीने तोंडभर काळजी व्यक्त केली. जाता जाता कोठारातून मोठ्या भोकाची निपलं मागून घेतली. पिल्लू थोडं वाढलं की लागतात ती.

दुसऱ्या दिवशी पिल्लू बिथरू नये म्हणून डॉक्टरांनी आतला दिवा मालवला. मावशीने गोचिडाचं एकेक बोट लोकरीतून सोडवलं, छोट्या दारातून त्याला पेंढ्यावर ठेवलं आणि बाहेर आली. त्याने आकांत मांडला. थोरली कोपऱ्यातून उठली. आली. हुंगलं.

"उचल बाई, उचल," डॉक्टर पुटपुटले.

थोरलीने पिल्लू उचललं. छातीशी घेतलं, एकदा जाळीकडे बघितलं, आणि सावकाश वळून पाठ करून बसली. आकांत थांबला. मग ती रुंद काळी पाठ हलू लागली. डावीकडे दोनदा, उजवीकडे एकदा. थांबली. लांब उसासा ऐकू आला.

"घेतलं की हो," डॉक्टर म्हणाले. "पण अशी पाठ करून का बसली?"

"उजेड येत असेल त्याच्या डोळ्यांवर."

डॉक्टरांनी मालवलेल्या दिव्याकडे बघितलं, मग मावशीकडे. या खेपेला ते उत्तरासाठी थांबले.

मावशीने जाळीला कपाळ टेकलं होतं.