राहणाऱ्यांचा सिद्धांत

लुईस सर कॅनडाला कायमचे चालले, हे मला भुईगावच्या चर्चमध्ये, रविवारच्या मिस्साला, अख्ख्या गावाबरोबर कळलं. मिस्सा सुरू होण्याआधी फादर त्या दिवशीचे हेतू सांगतात. अमक्याच्या आत्म्याला शांती, तमकीच्या बाळंतपणाबद्दल आभार. त्याच सुरात ते म्हणाले, "लुईस आणि जॅसिंटा मुलांसह कॅनडात स्थायिक होण्यासाठी जात आहेत. व्हिसा मिळाल्याबद्दल आभाराची मिस्सा." शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं. "तुझे सर ना गं?" माझेच. दुसऱ्या कोणाचे?

मी एम.ए.ला असताना सर अर्थशास्त्र शिकवायचे. नंतरही दर रविवारी दुपारी त्यांच्या ओट्यावर आम्ही चार-पाच जण जमायचो. विषय एकच: काही देश श्रीमंत आणि काही गरीब का? सर सुरुवात केळीच्या वाडीपासून करायचे. "पहिला पंप बसला की उत्पन्न दुप्पट. दुसऱ्याने थोडं वाढतं. चौथ्याने फक्त विजेचं बिल वाढतं. देशांचंही तसंच. मग ज्या देशात पहिला पंप अजून बसायचाय, तो पटापट पुढे यायला हवा. येत का नाही?" आम्ही इंग्रज, लोकसंख्या, भ्रष्टाचार असं सुचेल ते फेकायचो. सर मान हलवायचे. "पंप विकत आणता येतो. त्याहून चांगला पंप बनवणारं डोकं मात्र इथे तयार होतं आणि निघून जातं. सगळे गेले की मागे काय राहतं? गंजलेला पंप."

काय बोलायचे! ऐकणारा भारावून जायचा. मी तर पार गेले होते.

गेल्या वर्षी मला नेदरलँडमधल्या एका विद्यापीठात याच विषयात पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. पप्पांनी गावात घरोघरी पेढे वाटले. मी धावत सरांकडे गेले. सर म्हणाले, "जा. जाणाऱ्याला कोण अडवणार? पण मग या ओट्यावर उद्या कोण शिकवणार? आपण दोघं मिळून इथे अभ्यासकेंद्र काढू, सेलिन. मी आहे ना." आठवडाभर मी घरात कोणाशी धड बोलले नाही. मग विद्यापीठाला नकार कळवला. पप्पांनी अबोला धरला, तो अजून पुरता सुटलेला नाही. आणि मी विरारच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत राहिले, 'मी आहे ना' एवढ्या भांडवलावर.

मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात अभिनंदनाला झुंबड उडाली होती. सरांची बायको जॅसिंटा नर्स आहे, तिच्याच नोकरीवर हे सगळं जमलं होतं. तिने मला मिठी मारली. "अगं, फाइल टाकून अडीच वर्षं झाली. मी तर आशाच सोडली होती!" म्हणजे सर मला देश समजावत होते, तेव्हा त्यांचे स्वतःचे कागद कधीच पुढे गेले होते.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. सर ओट्यावर खुर्च्या मांडत होते, जसं काही झालंच नाही.

"सर, तुम्ही मला थांबवलंत."

"थांबवलं नाही. तुला पटलं म्हणून तू थांबलीस."

"आणि तुम्हाला नाही पटलं?"

सरांनी आणखी एक खुर्ची मांडली. "जॅसिंटाला तिथे इथल्या कितीतरी पट पगार मिळेल. तीच बाई, तेच हात, तीच ड्युटी. फरक माणसात नसतो, जागेत असतो. हेही मीच शिकवलंय तुला."

"मग मी काय वेगळ्या मातीची होते?"

त्यांनी आत नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? आईला सोडून जायची हिंमत होत नव्हती. तू इथे आहेस म्हणून झाली. तुझ्यावर जीव आहे तिचा. तिला मी सहा महिन्यांसाठी जातोय असं सांगितलंय. गावाला काय बोलायचं ते बोलू दे, तू तेवढं सहा महिनेच म्हण. तुझं ती खरं मानते."

वाढीचा सिद्धांत, गंजलेला पंप, अभ्यासकेंद्र, एवढा सगळा पसारा कशासाठी, तर म्हातारीच्या गोळ्या वेळेवर देणारं कोणीतरी हवं म्हणून. सरळ मागितलं असतं तरी मी केलं असतं. नेदरलँडला जाईपर्यंत केलं असतं, आणि जाताना दुसरं माणूस बघून दिलं असतं. त्यांनी मागितलंच नाही.

तेवढ्यात वॉकर टेकत सरांची आई, रेजिना आजी, दारात आली. तिला कमी ऐकू येतं, गुडघ्यांमुळे ती चर्चलाही जात नाही. "आली का गो सेलिन? ऐकलंस ना, लुईस सा महिने चाललाय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात माझ्याकडून बरोबर उत्तराची अपेक्षा असली की बघायचे, अगदी तसंच.

मी आजीच्या कानाशी वाकले. "सहा महिने नाही, आजी. कायमचे चाललेत."

आजी रडली नाही. वॉकरवरचे हात तेवढे घट्ट झाले. म्हणाली, "आनि तू?"

"मी इथेच आहे."

"तुला पन भायेर बोलावलं होतं ना?"

"हो."

"मग तुला ऱ्हायला कोनी सांगितलं?"

मी सरांकडे बघितलं. मग तिनेही बघितलं.