हिरव्या खेकड्यावरचा आळ

मी एक जुना खेकडा आहे. रंगाने हिरवा, आकाराने कोटाच्या बटणाएवढा आणि स्वभावाने, खरं सांगायचं तर, जरा तिरसट. मित्रांनो, खेकडा म्हटलं की माणसं लगेच म्हणतात, एकमेकांचे पाय ओढणारी जात! अहो, आम्हाला पाय दहा. आमचे आम्हालाच आवरत नाहीत, दुसऱ्याचे ओढायला सवड कुणाला आहे?

माझा जन्म समुद्रातला. एका खडकाच्या कपारीत मी सुखाने राहत होतो. कुणीतरी तो खडक उचलला आणि खडकाबरोबर मीही शोभेच्या माशांच्या दुकानात आलो. तिथून या घरात, बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत. टाकीखालची लाकडी चौकट या घरातल्या मुलीच्या बाबांनी स्वतः ठोकलेली. ते लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांच्या हातची कुठलीच वस्तू डुगडुगत नाही. टाकीला झाकण नाही. वर फक्त एक लख्ख दिवा आहे.

टाकी खरी मुलीची. तिने एका खडकावर जांभळ्या प्रवाळाचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा चिकटवला होता. प्रवाळ म्हणजे झाड नव्हे आणि दगडही नव्हे. इवल्या इवल्या जिवांचं ते एकत्र कुटुंब असतं. मुलीने त्या तुकड्याला इतकं जपलं, की तो वाढून तिच्या तळहाताएवढा झाला. शाळेतून आली की दप्तर खांद्यावर तसंच ठेवून ती आधी त्याला बघायची. एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडायची नाही, म्हणून आत्या तिला गोचीड म्हणायची.

माझं काम शेवाळ खाण्याचं. खडक चाटूनपुसून लख्ख ठेवायचे. पाहुणे आले की बाबा मला बोटाने दाखवायचे, "हा आमचा झाडूवाला. पगार नाही, रजा नाही!" आत्यासुद्धा एकदा म्हणाली होती, "बरा आहे, फुकटचं खात नाही." मी फुगून अर्धा इंच मोठा झालो असेन.

आता या आत्याविषयी सांगतो. ती बाबांची मोठी बहीण. घरातच लोकांचे कपडे शिवायची. एक दिवस तिने शिवणयंत्र ओढत आणून टाकीला चिकटवलं. "काळ्या कापडावर काळा दोरा दिसायचा तर या दिव्याखालीच," म्हणाली. तिला एक सवय होती. शिवताना टाचण्या ओठांत धरायची आणि तशीच बोलायची. आणि बोलायची तर इतकी, की टाचण्यांचीच कीव यावी. "या घरात टाचण्यांना पाय फुटलेत," असं मात्र रोज म्हणायची.

त्यानंतर हळूहळू प्रवाळाची कड पांढरी पडू लागली. त्यातले इवले जीव आत ओढले गेले. जिथे जीव मेले, तिथे मी जाऊन साफसफाई करत होतो, कारण माझं काम तेच. आत्याने मला नेमकं तिथे बसलेलं पाहिलं.

"सापडला!" ती ओरडली. "अरे, कुंपणच शेत खातंय! हाकला याला!"

बाबांनी दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, आणून द्या. मित्रांनो, त्या दुकानात खेकडे खाणारा एक मोठा मासा होता आणि तो कायम उपाशी दिसायचा. मी दहाही पायांनी कपारीत शिरलो.

"पुरावा काय?" मुलगी आडवी आली.

"या दोन डोळ्यांनी पाहिलं ना!"

"आत्या, तू त्याला तिथे बसलेलं पाहिलंस. जिवंत प्रवाळ तोडताना पाहिलंस का?"

"लागली गोचीड!" आत्या म्हणाली. पण बाबांनी रविवारपर्यंत मुदत दिली. तोवर कारण सापडलं नाही, तर मी दुकानात.

मुलीने पहिलं काम काय केलं असेल? मलाच तुरुंगात टाकलं! भोकं पाडलेला, वरून उघडा पण चढता न येणारा गुळगुळीत प्लॅस्टिकचा डबा टाकीच्या आतच टांगला आणि त्यात मला ठेवलं. मला भयंकर राग आला. पण आठवडा सरत आला तरी पांढरेपणा वाढतच राहिला. तेव्हा तिचं डोकं मला कळलं. चोर म्हणून ज्याला कोंडलं, तो आत असतानाही चोरी होतेच आहे, मग चोर कोण? आता बोला!

आत्या काय बोलणार? "आधी खाऊन ठेवलंय, ते आता दिसतंय," म्हणाली.

मुलगी हटली नाही. तिने एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी दिवा मंद केला. फरक नाही. मग पाण्यातलं मीठ मोजलं. ते ठीक होतं. मग तिने दुकानातून एक पांढरी पट्टी आणली. पाण्यात तांबं विरघळलेलं असलं की ती निळी होते. तांब्याचा अंशसुद्धा प्रवाळाला विष. पट्टी आत सोडली आणि दुसऱ्या दिवशी काढली, तर निळी!

"तांबं आलं कुठून?" बाबांनी वर्तमानपत्र पसरून पाण्याचा पंप सुटा केला. एकेक स्क्रू तपासला. सगळे प्लॅस्टिकचे. बाबांनी डोकं खाजवलं. आणि उद्यावर रविवार आला.

रविवारी सकाळी मुलीने टाकीसमोर स्टूल ओढलं आणि काचेला नाक लावून बसली. "कळेपर्यंत मी इथून उठणार नाही." जेवणाची हाक आली, तरी उठली नाही. माझ्यासाठी आजवर कुणी जेवण सोडलं नव्हतं.

दुपारी आत्या दोरा जुळवायला दिव्याखाली आली. मी समोर दिसताच तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. "ते निळं-बिळं मला कळत नाही. हा दिसतोच किती लबाड! आज याला..."

टुपुक. माझ्या पाठीवर काहीतरी पडलं. तसं वरून काहीबाही पडायचंच. जे खाता येत नाही, त्याची मी चौकशी करत नाही.

"आत्या, हलू नकोस! तुझ्या तोंडातून टाचणी पडली!"

"काहीतरीच काय! मी कधी..."

टुपुक. आणखी एक, थेट खडकामागच्या फटीत.

मुलीने शिवणयंत्राच्या खणातून टाचण्या वेचायचं लोहचुंबक काढलं, दोऱ्याला बांधलं आणि खडकामागच्या फटीत सोडलं. वर ओढलं तेव्हा त्याला गंजक्या टाचण्यांचा घोस लटकला होता. टाचण्या लोखंडाच्या, पण वरचा तांब्याचा मुलामा खाऱ्या पाण्याने खाल्लेला. ते सगळं तांबं पाण्यात गेलं होतं. आत्या जितकी बोलली, तितकं विष टाकीत पडत गेलं होतं.

आत्याने ओठांतल्या उरलेल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या.

"म्हणजे मीच मारत होते गं तुझं प्रवाळ?"

"मुद्दाम नाही केलंस, आत्या."

"मुद्दाम नाही. पण तोंड तर माझंच ना!" तिला रडू आलं. मग तिने पदर खोचला आणि पाणी बदलायच्या बादल्या स्वतः भरल्या. बाबांना हात लावू दिला नाही.

अर्धं प्रवाळ गेलं ते गेलंच. पण उरलेल्या कडेवर नवी जांभळी रेघ उमटली आहे. माझीही डब्यातून सुटका झाली. मेलेल्या बाजूवर शेवाळ धरतं, ते मी खातो.

मित्रांनो, पाण्यातले जीव बोलत नाहीत. त्यांचं दुखलं तर कारण नीट शोधा. जो जवळ बसलेला दिसला, तोच चोर असं धरून चालू नका. आणि आपल्या हातून काय पडलं, तेही वाकून बघा.

आत्याने आता हिरव्या कापडाची एक गादी शिवली आहे. मनगटावर बांधते आणि टाचण्या तिच्यात खोचते. गादीला दहा पाय आहेत. माझ्याच पाठीत दिवसभर टोचत असते, म्हणा ना! पण टाकीपाशी आली की आधी माझ्यासमोर वाकते, तोंड उघडून दाखवते आणि म्हणते, "बघ रे बाबा, रिकामं आहे."