कोबेचे जाणकार

अंकुरने कोबेच्या सहलीचं एक्सेल केलं त्या दिवसापासून राजारामरावांची झोप उडाली होती.

खरं तर तक्रारीला जागा नव्हती. अमेरिकेत, क्युपर्टिनोला मुलाच्या घरी आयतं खायचं, नातीला शाळेतून आणायचं आणि एप्रिलमध्ये सगळ्यांबरोबर जपानमधल्या त्या बंदराच्या शहरात आठवडाभर हिंडायचं. पण वेळ, ठिकाण, तिकीट अशा रकान्यांच्या शेवटी अंकुरने ‘गाइड’ असा एक रकाना केला होता आणि त्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द भरला होता: बाबा.

बाबांनी कोबेत कधी पाऊलच ठेवलं नव्हतं.

ते जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर होते. अठ्ठ्याऐंशी साली जहाज तीन दिवस कोबेला लागलं आणि नेमका पंप बिघडला. बाकीचे शहर बघून आले, हे खाली तेलात बरबटलेले. पण रत्नागिरीत आठ वर्षांचा अंकुर पोस्टकार्डाची वाट बघत होता. मग जहाजावरच्या स्वयंपाक्याने आणलेलं चित्राचं कार्ड घेऊन, त्याच्याच तोंडून ऐकलेलं सगळं त्यांनी ठोकून दिलं: डोंगरातला धबधबा, लाल मनोरा, पावाचं दुकान. वर ‘मी स्वतः पाहिलं’ असंही लिहिलं. तेवढं तरी लिहायला नको होतं.

शनिवारी दुपारी अंकुर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन व्हिसाचे फॉर्म भरत बसला. शेजारी नात रुही चित्र रंगवत होती.

“बाबा, जपानमध्ये आधी कधी राहिलात त्याच्या तारखा विचारल्यात. एटी-एटचा कुठला महिना?”

“ते मोकळं सोड की.”

“असं कसं? चुकीचं भरलं तर रिजेक्ट करतील.”

राजारामरावांनी चष्मा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. पोराला थाप मारणं निराळं; सरकारी कागदावर खोटी सही त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती.

“तिथे ‘नाही’ लिही,” ते म्हणाले. “मी जहाजावरून उतरलोच नव्हतो.”

मग पंपापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळं त्यांनी सांगून टाकलं. अंकुर उठला, आत गेला आणि कडा झिजलेलं ते पोस्टकार्ड घेऊन आला.

“हे मी वर्गात वाचून दाखवलं होतं. बाईंनी दोनदा वाचायला लावलं.”

“ठाऊक आहे. तुझ्या आईने कळवलं होतं. म्हणूनच पुढे कधी खरं सांगवलं नाही.” त्यांना मान वर करायची लाज वाटत होती.

“सो नोबडी हॅज बीन देअर?” रुहीने विचारलं.

“मग तुम्ही स्वतः काय पाहिलं?” अंकुरने विचारलं.

“एक बाक. दुपारी पाच मिनिटं डेकवर यायचो. समोर धक्क्यावर एक माणूस पोराला घेऊन बसलेला असायचा. दोघं डबा खात जहाजं बघायचे. पोरगं तेव्हाच्या तुझ्याएवढंच होतं. तिन्ही दिवस मी तेवढंच बघितलं. मला फार वाटायचं, आपणही असं बसावं.”

अंकुरने फॉर्मवर ‘नाही’ भरलं. मग एक्सेल उघडलं आणि गाइडच्या रकान्यातले सगळे ‘बाबा’ पुसून टाकले. राजारामराव बघत राहिले. बरोबरच होतं, पण लागलं.

अंकुरने पहिल्या दिवशी, सगळ्यांत वर, एक नवी ओळ घातली. वेळ: दुपार. ठिकाण: धक्क्यावरचा बाक. तिकीट: लागत नाही.

“अरे, अडतीस वर्षं झाली. बाक असेल का अजून?”

“नसला तर जमिनीवर बसू. डबा मी भरतो.”

आणि त्या एकाच ओळीपुढे, गाइडच्या रकान्यात, त्याने पुन्हा लिहिलं: बाबा.