भिंतीतला हिवाळा

धरणाच्या भिंतीच्या पोटात एक वाट आहे, हे भिंतीखाली राहणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊकही नसतं. भिंत म्हणजे भिंत, तिच्या आत काय असणार? पण दोनशे बारा पायऱ्या उतरून गेलं की माणूसभर उंचीचा एक लांबच लांब बोगदा लागतो. दोन्ही अंगांना ओलं काँक्रीट, वीस-वीस पावलांवर एक दिवा आणि पायाशी चिंचोळी नाली. कितीही घट्ट बांधली तरी भिंत थोडी झिरपतेच. ते झिरपलेलं पाणी नालीतून वाहत शेवटी एका पत्र्यापाशी येतं. पत्र्याला त्रिकोणी खाच. खाचेतून पाणी किती उंचीने पडतंय ते पट्टीवर बघायचं आणि वहीत लिहायचं. बावीस वर्षं रोज सकाळी हे काम एकच माणूस करत आला होता. कचेरीत सगळे त्याला खालचे काका म्हणत.

आणि कचेरीच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशी, आकडेताई बसे. हे नाव तिला शिपायाने दिलं होतं आणि ते चिकटलं. काकांनी लिहिलेले आकडे संगणकात भरायचे आणि भिंतीची तब्येत बरी आहे ना ते बघायचं, ही तिची नोकरी.

बघायचं म्हणजे कसं? धरणात पाणी जितकं वर, तितका भिंतीवर दाब, तितकं झिरपणं जास्त. तीन वर्षांचे आकडे सॉफ्टवेअरला दिले की ते एक सूत्र काढून देतं: पाणी इतकं असेल तर झिरपणं इतकं असावं. खरं झिरपणं आणि सूत्राचं झिरपणं यांत रोज थोडा फरक उरतोच. त्या उरलेल्याला शेष म्हणायचं. शेष असावा तो पाखडताना उडालेल्या भुशासारखा. आज वर, उद्या खाली, कुणाचं कुणाशी नातं नाही. तो तसा आहे की नाही हे सांगणारी एक चाचणी असते, डर्बिन-वॉटसन. तिचं उत्तर दोनच्या आसपास आलं तर निर्धास्त राहावं. शून्याकडे झुकलं तर समजावं, आजचा शेष कालच्या शेषाचं बोट धरून चाललाय.

सोमवारी तिने ती चाचणी चालवली. उत्तर आलं ०.३१.

ती तशीच साहेबांकडे गेली आणि जे दिसलं ते बोलून मोकळी झाली. "साहेब, उरलेले फरक एकमेकांना धरून चाललेत. आज जो फरक, उद्या जवळजवळ तोच."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. भिंतीखालची नऊ हजार घरं त्यांच्या छातीवर बसलेली असत, एवढंच. त्यांनी कागद ओढून घेतला आणि रकान्यावरून बोट फिरवलं.

"परवा एकतीस पूर्णांक दोन. काल एकतीस पूर्णांक तीन. आज पुन्हा तीन. अहो, सरळ आहे! हा माणूस खाली उतरतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे घरी चहाचा कप घेऊन बसतो, कालच्या आकड्याचा जरा कान पिळतो आणि लिहून टाकतो. त्या वयात दोनशे पायऱ्या कोण उतरेल? मी तरी उतरलो नसतो. बरं झालं, तुमच्या यंत्राने पकडलं."

"साहेब, मी असं म्हटलेलं नाही."

"तुम्ही नाही म्हटलंत, आकड्याने म्हटलं." त्यांनी डोळे चोळले. "गुरुवारी अकराला मी वर कळवतोय. बावीस वर्षांच्या वह्यांवर 'भरवशाच्या नाहीत' असा शेरा, आणि काकांना फाटकावर खुर्ची. मला आनंद नाही होत. पण खोट्या आकड्यांवर नऊ हजार घरांना झोपवायचं कसं, सांगा?"

ती जागेवर येऊन बसली खरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. काकांवर आळ घ्यायला तिचंच वाक्य उपयोगी पडलं होतं. तिने फक्त एवढं सांगितलं होतं की सूत्रातून काहीतरी सुटलंय. जे सुटलंय ते हळूहळू बदलणारं आहे, म्हणून शेष मागचं विसरत नाही. सुटलेली ती गोष्ट म्हणजे काकांची इमानदारी, हे तर चाचणी म्हणाली नव्हती!

मंगळवारी तिने हवेचं तापमान सूत्रात घालून बघितलं. ०.३१ चे ०.४४ झाले. म्हणजे दार किलकिलं झालं, उघडलं नाही. मग बुधवारी सकाळी ती भिंतीच्या लोखंडी दारापाशी जाऊन उभी राहिली.

बाहेर ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. आणि काका आले ते लोकरी स्वेटर घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून.

"ताई, तुम्ही? स्वेटर आणलात का?"

"या उन्हात?"

"उन्हाला खाली यायची परवानगी नाही," काका म्हणाले आणि दार लोटलं.

पायऱ्या उतरताना ते मोठ्याने मोजत. शंभरी भरली की थांबून, कठड्याला टेकून, स्वतःच जुळवलेल्या दोन ओळी म्हणत. एकट्याने उतरणाऱ्याला सोबत कुणाची, म्हणून जुळवलेल्या.

"शंभर पायऱ्या उतरलो, पाण्याचा आला वास,
भिंतबाई, तुझ्या उरी कुणाचा गं हा श्वास?"

"दुसऱ्या शंभरीला काय म्हणता?"

"दुसऱ्या शंभरीला दम कुठे उरतो म्हणायला! तिथे मी आणि भिंत, दोघंही गप्प."

खाली पोचल्यावर आकडेताईला आधी थंडी लागली आणि मग आवाज ऐकू आला. खाचेतून पडणाऱ्या पाण्याचा, बारीक, न थांबणारा. काका गुडघ्यावर बसले, पट्टी बघितली, डोळे मिटले, पुन्हा बघितली. असं तीनदा.

"पाणी पहिल्या खेपेला खोटं बोलतं का, काका?"

"पाणी नाही हो. माझे डोळे बोलतात." त्यांनी वहीत लिहिलं: एकतीस पूर्णांक तीन.

कालचाच आकडा! साहेब इथे असते तर म्हणाले असते, बघा. पण तिने स्वतःच्या डोळ्यांनी पट्टी बघितली होती. एकतीस पूर्णांक तीनच. पाणी कालच्यासारखंच पडत होतं. त्यात काकांचा काय दोष?

ती परत फिरणार, तेवढ्यात काकांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला थर्मामीटर काढला. भिंतीत बोटभर एक भोक होतं, त्यात तो सरकवला आणि ते हात बांधून उभे राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग थर्मामीटर काढून दिव्याखाली धरला आणि पेन्सिलीने वहीच्या समासात, मुंगीएवढ्या अक्षरात, लिहिलं: १४.६.

"हे काय लिहिलंत?"

"हे? हे काही नाही. आपलं असंच."

"काका, सांगा ना."

"अहो, मी लागलो तेव्हा जे साहेब होते ना, त्यांनी दिला हा. म्हणाले, भिंतीचा गारवा रोज लिहीत जा. मग त्यांची बदली झाली. नंतर छापील तक्ते आले, त्यात याला रकानाच नव्हता. मी विचारलं वर. म्हणाले, रकाना नाही तर लिहू नका." काकांनी थर्मामीटर पुन्हा रुमालात गुंडाळला, तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा. "आता रकाना नाही म्हणून भिंत गार व्हायची थांबते का? मी आपला समासात लिहीत गेलो."

आकडेताईने तळवा भिंतीला लावला आणि चटकन मागे घेतला. मग पुन्हा लावला, या वेळी तसाच ठेवला.

"बाहेर एवढं तापलंय आणि ही इतकी थंड कशी?"

"ही आत्ताची थंडी नव्हे, ताई. बाहेरचा हिवाळा संपला ना, तो आत्ता कुठे इथवर येऊन पोचलाय. भिंत जाड, तो सावकाश चालतो. थंडीने ही अंग आखडते, मग सांध्यांच्या फटी उघडतात, पाणी वाढतं. बाहेर लोक छत्र्या उघडतील तेव्हा इथे उन्हाळा लागेल. भिंत फुगेल, फटी मिटतील, पाणी कमी." त्यांनी तिच्याकडे जरा संकोचून बघितलं. "हे तुम्हा शिकलेल्या लोकांना ठाऊकच असणार, म्हणून मी कधी बोललो नाही."

तिच्या तळव्याखाली काही महिन्यांपूर्वीचा गारठा होता. ज्या सकाळी तिने कपाटातून शाल काढली होती, ज्या सकाळी खिडकीची काच धुरकट झाली होती, ती सकाळ तिच्या लेखी कधीच संपली होती. पण ती संपली नव्हती. ती या भिंतीत शिरली होती आणि अंधारातून, दिवसाला तीन बोटं, तीन बोटं, चालत राहिली होती. वर माणसं पंखे लावून घाम पुसत असताना खाली एक अख्खा हिवाळा न थकता वाट तुडवत होता. आणि त्याचं येणं-जाणं लिहिणारा एकच माणूस, तोही समासात.

"काका, मला तीन वर्षांच्या वह्या हव्यात. आणि दुपारी तुम्हीसुद्धा."

दुपारभर काका वाचत गेले, ती भरत गेली. हजाराच्या वर आकडे. पेन्सिल कुठे पुसट झालेली, कुठे ओलीने कागदच फुगलेला.

"चौदा पूर्णांक नऊ. चौदा पूर्णांक नऊ. चौदा पूर्णांक... ताई, चष्मा पुसू द्या. हं, आठ. पुढचे तीन दिवस कोरे."

"कोरे का?"

"ताप होता मला. जे बघितलं नाही ते कसं लिहू?"

शेवटचा आकडा भरला तेव्हा चार वाजत आले होते. तिने सूत्रात नवा रकाना घातला, भिंतीचा गारवा. चाचणी निवडली. बटण दाबलं.

१.८७.

तिने शेषाचं चित्र काढलं. कालपर्यंत तिथे लाटा होत्या, वर्षाला एक, फुगणारी आणि ओसरणारी. आता नुसते ठिपके. वर, खाली, कुणाचं कुणाशी नातं नाही. भिंतीचा सगळा श्वास सूत्रात जाऊन बसला होता. मागे उरला होता तो भुसा.

"हे काय, मुंग्या का?" काका पडद्याजवळ वाकले.

"हा भुसा, काका. दाणा सगळा तुमच्या समासात होता."

पण साहेबांना ती ओळखून होती. तापमानही त्यानेच लिहिलंय, ते म्हणतील, एक खोटं लिहिणारा दोन लिहील. म्हणून तिने आणखी एक गोष्ट केली. दूरच्या वेधशाळेने मोजलेलं हवेचं तापमान घेतलं, काकांच्या हाताबाहेरचं, आणि ते एकेक दिवस पुढे सरकवत काकांच्या आकड्यांशी ताडून बघितलं. दहा दिवस सरकवलं, जुळेना. तीस, जुळेना. साठला जरा जवळ आलं. सत्त्याऐंशी दिवसांना दोन्ही रेघा अशा एकमेकींवर बसल्या की एकीची दुसरीला सावली म्हणावी.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना तिने दोन्ही चित्रं साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी बघितली. अपेक्षेप्रमाणेच म्हणाले, "हा गारवा तरी कुणी मोजला? त्यांनीच ना?"

"हो. आणि तो वेधशाळेच्या थंडीमागून सत्त्याऐंशी दिवसांनी चालतो, साहेब. तिन्ही वर्षं. दोन वर्षांपूर्वी थंडी तीन आठवडे उशिरा पडली, आठवतं? वहीतली भिंतही तीन आठवडे उशिरा गारठली." तिने श्वास घेतला. "घरी चहा पिणारा माणूस सत्त्याऐंशी दिवसांपूर्वीची थंडी कशी लिहील?"

साहेबांनी शेऱ्याचा कागद हळूच उलटा करून ठेवला.

"म्हणजे एवढी मोठी भिंत... श्वास घेते?"

"वर्षाला एक."

"आणि मी तिच्या डोक्यावर अकरा वर्षं बसलोय." त्यांनी खुर्ची मागे सारली. "पायऱ्या किती म्हणालात?"

"दोनशे बारा. साहेब, स्वेटर घ्या."

"या उन्हात?"

काकांना साहेब आणि आकडेताई दोघांना घेऊन उतरायला पाऊण तास लागला. शंभराव्या पायरीवर साहेब कठड्याला धरून धापा टाकत असताना काका हळूच म्हणाले, "इथे मी दोन ओळी म्हणतो, साहेब, तुमची हरकत नसेल तर," आणि म्हटल्या. खाली पोचल्यावर साहेबांनी काही न विचारता तळवा भिंतीला लावला. पाणी तेवढं बोलत होतं.

"काका," साहेब शेवटी म्हणाले, भिंतीकडेच बघत, "मी तुमच्याबद्दल नको ते बोललो."

"माझ्या कानावर नाही आलं," काका म्हणाले. "आणि या भिंतबाईने ऐकलं असेल तर ते सत्त्याऐंशी दिवसांनी कळेल."

साहेब इतक्या जोरात हसले की आवाज बोगद्याच्या टोकाला जाऊन परत आला. मग त्यांनी वही मागितली, आकडेताईची पट्टी घेतली आणि छापील रकान्यांच्या शेवटी स्वतःच्या हाताने एक उभी रेघ मारली. डोक्यावर लिहिलं: भिंतीचा गारवा.

काकांनी भोकात ठेवलेला थर्मामीटर काढून दिव्याखाली धरला. खिशातली पेन्सिल काढली. बावीस वर्षांच्या सवयीने हात समासाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, आकडेताईकडे बघितलं, आणि हात पुढे केला.

"ताई, जरा पेन द्या."